भंगारातले शिसे आणि घरातली चूल

भंगारवाला दारात आला की आपले सारे लक्ष काट्यावर असते. रद्दीला काय भाव, लोखंडाला किती, पितळेला किती, काटा बरोबर आहे की नाही, एवढेच आपण बघतो. या भावांच्या यादीत शिशाचे स्थान वरचे आहे. लोखंडापेक्षा त्याला कितीतरी जास्त पैसे मिळतात आणि मूठभर तुकडाही काट्यावर चांगला भरतो. त्यामुळे जुनी बॅटरी, तुटलेल्या जाळ्याची वजने, टायरला लावलेले शिशाचे तुकडे असे काही हाती लागले तर ते कोणी फेकत नाही. त्यात वाईट काही नाही. भंगार विकणे हा अब्रूचा व्यवहार आहे आणि त्यावर हजारो घरांची चूल पेटते.

पण त्याच चुलीवर शिसे वितळू लागले की गोष्ट बदलते. शिसे विकावे की नाही, हा आजच्या लेखाचा प्रश्न नाही. अवश्य विकावे. ते घरी फोडून, वितळवून, साच्यात ओतून विकावे का, हा प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. त्याची कारणे सांगतो.

छावणीच्या गावाला शिसे नवे नाही

सीताबर्डीची लढाई १८१७ सालची आणि कामठीची छावणी १८२१ सालची. त्या काळच्या बंदुकीतून शिशाची गोल गोळी सुटत असे. ती करायला कारखाना लागत नसे. शेगडी, लोखंडी पळी आणि चिमट्यासारखा साचा एवढे असले की शिपाईसुद्धा तळावर बसून गोळ्या ओतू शकत असे. याचे कारण त्या धातूच्या स्वभावात आहे. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या पुढे उष्णता लागते. तांब्याला हजाराच्या वर लागते. शिसे मात्र अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला पाणी होते. कोळशाच्या साध्या शेगडीवरही ते सहज वितळते. म्हणूनच हा धातू कारखान्याबाहेर पडून घराघरांत शिरला.

आजच्या रायफलच्या गोळीला वरून तांब्याचे कवच असते, पण पोटात बहुधा शिसेच असते. ते कडक व्हावे म्हणून त्यात थोडे अँटिमनी मिसळलेले असते. अमेरिकेत बंदुकीचे शौकीन लोक आजही घरच्या गॅरेजमध्ये गोळ्या ओततात. त्यासाठी ते चांदमारीच्या मातीतून निघालेल्या जुन्या गोळ्या, मोटारीच्या चाकांची वजने, बंद पडलेल्या छापखान्यांचे खिळे असे शिसे बादल्या भरभरून विकत घेतात आणि आपसांत अदलाबदलही करतात. तिकडचा कायदा त्याला मुभा देतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. चांदमारीच्या हद्दीत शिरून तुकडे वेचणे हाही जिवावरचा खेळ आहे. न फुटलेले काही हाताला लागले तर शिशाच्या विषाची वाट बघावी लागत नाही. तेव्हा हा शौक आपल्याकडे नाही, हे बरेच झाले.

पण अमेरिकेतल्या त्या गॅरेजमध्ये आणि आपल्याकडच्या परसात एक गोष्ट अगदी सारखी आहे. ती म्हणजे घरातल्या आगीवर ठेवलेली शिशाची कढई. तिथे त्यातून गोळी निघते, इथे जाळ्याचे वजन किंवा विकायची वीट निघते. शरीराला हा फरक कळत नाही.

आपल्याकडे शिसे येते कुठून?

पहिला झरा बॅटरीचा. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८० टक्क्यांहून अधिक शिसे बॅटऱ्यांत जाते. पूर्वी बॅटरी म्हटली की ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटार डोळ्यांसमोर येई. मग विजेच्या भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आणले. गेल्या दहा-बारा वर्षांत ई-रिक्षांनी त्यात भर घातली. शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या ई-रिक्षात साधारणपणे चार बॅटऱ्या असतात. त्या चारींचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते आणि त्यात निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. वर्ष-दीड वर्षात त्या थकतात आणि बदलाव्या लागतात. म्हणजे एकेका रिक्षामागे दर खेपेला पन्नास किलोंहून जास्त शिसे भंगारात येते. नागपूर-कामठी रस्त्यावर थोडा वेळ उभे राहून ई-रिक्षा मोजा, म्हणजे हिशेब तुमचा तुम्हालाच कळेल.

दुसरा झरा जाळ्यांचा. नदीत फेकलेले जाळे तळाशी बसावे म्हणून त्याच्या कडेला वजने ओवतात. कुठे लोखंडी साखळी लावतात, तर कुठे शिशाचे मणी. हे मणी घरीच ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. कन्हानच्या काठी राहणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

तिसरा झरा आता आटत आला आहे, पण या पानाशी त्याचे नाते आहे म्हणून सांगतो. आज तुमच्या हातात असलेले वर्तमानपत्र ऑफसेटवर छापले जाते. त्याआधी प्रत्येक अक्षर म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा एक खिळा असे. खिळे जुळवणाऱ्याची बोटे दिवसभर त्यात काळी होत. संध्याकाळी त्याला गूळ नाहीतर दूध द्यावे, म्हणजे शिसे बाधत नाही, असा समज होता. गूळ गोड लागत असेल, पण त्याने शिसे उतरत नाही. पुढे ऑफसेट आले, गावोगावचे छापखाने मोडले आणि अक्षरे किलोच्या भावाने भंगारात गेली.

याच जोडीला एक शंका दूर करतो. शाळेच्या शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात ग्राफाइट असते, म्हणजे कार्बनच. फक्त नाव शिशाचे राहिले आहे. मुलाने पेन्सिलीचे टोक चावले म्हणून घाबरून जाऊ नका. ज्याला घाबरायला हवे, ते पुढे आहे.

कढईत काय होते?

लोकांना वाटते की वितळलेल्या शिशाचा धोका भाजण्यापुरता आहे. तो आहेच. ओले भंगार कढईत पडले की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला रस उसळून तोंडावर येतो. डोळे जायला तेवढे पुरते. पण जखम दिसते आणि तिच्यावर औषध होते. न दिसणारे नुकसान याहून मोठे आहे.

रस जास्त तापला की त्यातून शिशाचा धूर निघतो. तो इतका बारीक असतो की डोळ्यांना पुरता दिसतही नाही. रसावर राखेसारखी मळी तरंगते. ती पळीने काढून बाजूला टाकतात. सुकली की तिची भुकटी होते. ही भुकटी जमिनीवर, भिंतीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि झाकण नसलेल्या पाण्याच्या भांड्यावर बसते. झाडू मारला की पुन्हा उडते. शिसे कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही, पावसाने संपत नाही. अंगणात पडले की तिथेच मुक्काम करते. आज आजोबांनी ओतलेल्या शिशाची धूळ उद्या नातू रांगेल त्या मातीत असते.

बॅटरी फोडण्याचे काम तर याहून वाईट. तिच्या जाळ्यांवर लिंपलेला लगदा म्हणजे शिशाची संयुगेच. तो वाळला की पिठासारखा उडतो. आतले आम्ल नालीत ओतले जाते आणि आपल्याबरोबर शिसेही घेऊन जाते. तोंडाला दुपट्टा बांधला की झाले, असे पुष्कळांना वाटते. आपला दुपट्टा वैशाखाच्या उन्हाला आणि रस्त्याच्या धुळीला ठीक आहे. शिशाचा धूर त्याच्या विणीतून सहज पार होतो.

आणि जो घरी शिसे वितळवत नाही, पण भट्टीत कामाला जातो, तो माणूस ते कपड्यांवरून, केसांतून, चपलांतून घरी आणतो. बाप दारात येतो आणि लेकरू धावत येऊन पायांना बिलगते. शिसे घरात शिरायला तेवढी वाट पुरते.

शरीरात गेल्यावर

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात शिशाचे नाव 'नाग' असे आहे. वैद्यकाच्या नजरेने बघितले तर नाव चपखल आहे, कारण हा धातू आवाज न करता शिरतो. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत जागा देते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते, पण हाडांतले वीस-वीस वर्षे राहते. बाई गरोदर राहिली की बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते आणि त्याच्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेले शिसेही निघून वारेवाटे बाळाकडे जाते. ज्या बाळाने अजून जग पाहिले नाही, त्याच्या वाट्याला आदल्या पिढीचे भंगार येते.

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या आतड्यातून शिसे चार ते पाच पट जास्त शोषले जाते. पोट रिकामे असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात खायला कमी, त्याच घरातल्या मुलावर शिसे अधिक जोर करते. त्यात मूल जमिनीवर रांगते, बोटे तोंडात घालते, माती चाटते.

मोठ्या माणसात पोटात मुरडा येतो, शौचास साफ होत नाही, सांधे दुखतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होतात, हाताचा पंजा मनगटातून लुळा पडतो. हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ दिसणे ही जुनी खूण आहे. मुलांत रक्त कमी होते, भूक मंदावते, मूल चिडचिडे होते. प्रमाण फारच वाढले तर झटके येतात आणि मूल दगावते. पण बहुतेक मुलांत यातले काहीच ठळक दिसत नाही. मूल खेळते, जेवते, शाळेत जाते. फक्त त्याचे लक्ष टिकत नाही, पाठांतर राहत नाही, ते मागे पडते. मास्तर म्हणतात डोके नाही, बाप म्हणतो आळशी आहे. मेंदूचे झालेले नुकसान औषधाने परत भरून येत नाही. रक्तात अमुक इतके शिसे असले तरी चालते, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी ते येते कुठून ते शोधून बंद करा, असे तिची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते.

इथे माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न आपण घाईत विसरतो. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या देतो, पोटदुखीला जंताचे किंवा गॅसचे औषध देतो. घरात बॅटरी फोडतात का, शिसे ओततात का, वडील भंगाराच्या कामाला आहेत का, एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते.

दूरच्या गावाची गोष्ट

आफ्रिकेत सेनेगल देशाच्या डकार शहरालगत थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे कितीतरी वर्षे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चालत असे. शिशाचा भाव चढला तेव्हा लोकांच्या लक्षात आले की पायाखालच्या मातीतही शिसे आहे. बायकामुलांनी ती माती खणली, चाळली आणि गोण्या भरून घरात ठेवली. २००७ च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत त्या वस्तीत १८ मुले मेली. साथ नव्हती की दुष्काळ नव्हता. होता तो चढलेला भाव.

हे आफ्रिकेचे झाले, आपले काय? युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत. या विषाच्या मोठ्या कारणांत जुन्या बॅटऱ्यांची उघड्यावर होणारी मोडतोड त्यांनी नमूद केली आहे. २०१५ साली नूडल्समधल्या शिशावरून देशभर गदारोळ झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. ती बंदी पुढे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. पण त्या निमित्ताने घरोघरी शिशाची चर्चा झाली. पाकिटातल्या संशयित शिशावर आपण एवढे बोललो, मग शेजारच्या परसात धुरासकट दिसणाऱ्या शिशावर का बोलत नाही?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा आहे. 'आमच्या आजोबांनी जन्मभर शिसे ओतले, त्यांना काही झाले नाही.' आजोबा पंच्याऐंशी वर्षे जगले असतील, आनंद आहे. पण त्यांच्या अंगणात खेळलेल्या सगळ्या मुलांचा हिशेब कोणी ठेवला होता? जे विष माणसाला मारत नाही, फक्त थोडे मंद करते, त्याची नोंद स्मशानात होत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. 'अख्खी बॅटरी दिली तर कमी पैसे मिळतात, फोडून वितळवून दिली तर जास्त. मग गरिबाने काय करावे?' दुखणे नेमके इथे आहे. घरात शिसे वितळवणारा माणूस दुष्ट नसतो की मूर्खही नसतो. बाजार त्याला त्या वाटेने ढकलतो. त्याच्या शेगडीवर पोलीस धाडून फार तर शेगडी दुसऱ्या गल्लीत जाईल. अख्ख्या बॅटरीला चांगला भाव मिळाला तर मात्र शेगडी आपोआप विझेल.

यासाठी कायदा नाही असे नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ साली आले. त्यांच्या जागी २०२२ साली नवे नियम आले आणि वापरून झालेली बॅटरी गोळा करून नोंदणीकृत कारखान्यातच तिचे शिसे काढले जाईल, ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली गेली. अशा कारखान्यात बंद भट्टी असते, धूर गाळला जातो, कामगारांचे रक्त तपासता येते. नियम कागदावर चांगला आहे. तो दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचला पाहिजे. नगर परिषद, छावणी परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळ, बॅटरीचे विक्रेते आणि भंगाराचे व्यापारी यांनी एकत्र बसून अख्ख्या बॅटरीचा भाव ठरवून फळ्यावर लिहिला, तर शंभर भाषणांपेक्षा जास्त काम होईल. भंगारवाल्याला यात गुन्हेगार न समजता भागीदार समजावे, कारण गावातली प्रत्येक मेलेली बॅटरी शेवटी त्याच्याच गाड्यावर चढते.

तोवर आपण काय करावे?

इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी संपली की ती नव्या बॅटरीच्या दुकानातच परत द्या आणि तेवढी रक्कम बिलातून वळती करून घ्या. आम्ल ओतून टाकू नका, झाकण उघडू नका. बॅटरी उभी आणि अख्खी द्या. ई-रिक्षावाल्या भावांनी चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती फोडणाऱ्याच्या हाती देऊ नये. ते चार पैसे कोणाच्या तरी लेकराच्या डोक्यातून आलेले असतात.

जाळ्यासाठी जुनी वजने सुस्थितीत असतील तर तीच पुन्हा ओवा, नाहीतर लोखंडी साखळी वापरा. शिशाचा मणी दाताने दाबून दोरीवर बसवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घास, विडी किंवा खर्रा तोंडात घालू नका. शिशासाठी एकदा वापरलेली कढई किंवा पळी घासून पुन्हा स्वयंपाकात आणू नका. घासल्याने ती शुद्ध होत नाही.

भट्टीत किंवा भंगारात काम करणाऱ्यांनी घरी येण्यापूर्वी अंघोळ करून कपडे बदलावेत. चपला बाहेर ठेवाव्यात आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. पूर्वी जिथे शिसे ओतले जात होते, ती जागा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी आणि मुलांना तिथे खेळू देऊ नये. उपाशीपोटी कामाला जाऊ नये. पालेभाज्या, डाळी, दूध, नाचणी असा लोह आणि कॅल्शियमचा आहार असेल तर शिसे कमी शोषले जाते. मात्र आहार ही ढाल नव्हे. धूर बंद करणे हाच खरा उपाय आहे.

घरात असे काम चालत असेल आणि मूल फिकट, चिडचिडे किंवा अभ्यासात अचानक मागे पडलेले दिसत असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा आणि रक्तातले शिसे तपासायला विचारा. ही तपासणी प्रत्येक लहान प्रयोगशाळेत होत नाही, पण नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. प्रमाण फार असेल तर शरीरातले शिसे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात देतात. मात्र मूल पुन्हा त्याच धुरात परतणार असेल तर त्या औषधांचा उपयोग होत नाही.

शिसे हा उपयोगी धातू आहे आणि भंगार हा उपयोगी धंदा आहे. दोघांनीही सुखाने नांदावे, पण भट्टीच्या जागी, घराबाहेर. काट्यावर शिशाचे वजन पडते तेव्हा व्यापारी ते किलोत मोजतो. आई-बापांनी ते मुलाच्या बुद्धीत मोजावे, म्हणजे सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे दुसऱ्या कोणी सांगायला नको.